पैठणीची वाकळ होत नसते

मेघाचा फोन आला तेव्हा मी बातम्या बघत होतो, आवाज बंद करून.

"बाबा, आईच्या रोजच्या साड्या कपाटात आहेत ना? बाळासाठी त्यांची वाकळ शिवून घ्यायची आहे. बाळापूरच्या गयाकाकूंशी मी बोललेय. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यात शेतात काम नसतं, पाठवून दे."

मेघा ही माझी एकुलती मुलगी. ती पुण्यातच राहते, पण आमच्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला. तेव्हा तिला सातवा महिना होता. सुमन, म्हणजे माझी बायको, जाऊन पाच महिने झाले होते. गयाकाकू ही सुमनची चुलती. हिंगोली जिल्ह्यात आखाडा बाळापूरला राहते. वाकळ म्हणजे आपण पुण्यात जिला गोधडी म्हणतो ती.

मी "हं" म्हणालो. माझ्या "हं"चा अर्थ लोक आपापल्या सोयीने लावतात. मेघाने तो "आहेत" असा लावला.

साड्या कपाटात नव्हत्या. सुमनला जाऊन दोन महिने झाल्यावर एका सकाळी दारात बोहारीण आली होती. गेलेल्या बाईचे कपडे घरात ठेवू नयेत असं चार नातेवाईक सांगून गेले होते. कपाट उघडलं की मला काही सुचत नसे, म्हणून मी ते दहा मिनिटांत रिकामं केलं. रोजच्या सगळ्या सुती साड्या देऊन टाकल्या आणि त्या बदल्यात स्टीलचं एक पातेलं घेतलं. बोहारीण झाकण द्यायला तयार नव्हती. मी घासाघीस करून झाकणही मिळवलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी घासाघीस करून जिंकलो होतो आणि त्याचा मला दिवसभर आनंद होता. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं ते असं.

जरीच्या सात साड्या मात्र मी हट्टाने ठेवल्या होत्या. त्यात एक पैठणी होती. मी विचार केला, साड्या त्या साड्या. उलट या भारी आहेत. नातवंडाला पैठणीची वाकळ, यापेक्षा चांगलं काय? म्हणून मेघाला म्हणालो, "पाठवायला नको. मी स्वतः घेऊन जातो." एवढं लांब वाक्य मी बरेच दिवसांत बोललो नव्हतो. ती फोनवर रडली. मला वाटलं, आता खरं सांगावं. पण तोवर तिने फोन ठेवला होता.

असा हा प्रवास. कोणाला त्या भागात वाकळी, जुनं शिवणकाम वगैरे बघायला जायचं असेल, तर मी केलं त्याच्या उलट करावं म्हणून हे लिहितो आहे. ब्लॉग मेघाने काढून दिला. तिचं म्हणणं, "बोलत नाही तर निदान लिहा."

पुण्याहून रेल्वेने नांदेडला सकाळी पोहोचलो. स्टेशनवरून रिक्षाने एसटी स्टँड. तिथून हिंगोलीकडे जाणारी कुठलीही लाल गाडी अर्धापूर, वारंगा फाटा करत बाळापूरला जाते. दीड ते पावणेदोन तास लागतात, तिकीट तेव्हा चाळीसच्या आत होतं. एप्रिल होता. पाण्याच्या दोन बाटल्या घ्याव्यात. मी एक घेतली होती आणि ती अर्धापूरच्या केळीच्या बागा दिसायच्या आत संपली.

मी बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत आरेखक होतो. रस्त्यांचे आणि मोऱ्यांचे नकाशे काढले. त्यामुळे प्रवासात माझं लक्ष डोंगरदऱ्यांपेक्षा साइडपट्टीकडे असतं. या रस्त्याची साइडपट्टी तेव्हा वाईट होती. यापेक्षा जास्त निसर्गवर्णन माझ्याकडून होणार नाही.

मांडीवर सुटकेस होती. शेजारी बसलेल्या बाईंनी ती दोनदा निरखली.

"लग्नाचा बस्ता हाय जनू?"

"साड्या आहेत," मी म्हणालो.

"मंग बस्ताच की. पोरीचं लगीन का पोराचं?"

मी "हं" म्हणालो. त्यांनी मुलीचं ठरवलं. मग वारंगा फाट्यापर्यंत त्यांनी मला मानपानात कोणाला काय द्यावं ते सांगितलं. विहिणीला हिरवं देऊ नका, पुढे ती तेच बोलून दाखवते, हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला.

"अन् बाईसाहेब कुठं हायेत? बायांच्या बस्त्याला गडी माणूस एकटा कसा काय?"

"त्या पुढे गेल्या," मी म्हणालो.

"बरं केलं. बाया पुढं गेल्या म्हंजे घर आवरून ठेवत्यात," असं म्हणून त्यांनी डबा उघडला आणि मला एक धपाटं दिलं. मी ते खिडकीकडे तोंड करून खाल्लं. तिखट होतं, त्यामुळे डोळ्यांचं कारण कोणाला सांगावं लागलं नाही.

बाळापूर हे मोठं बाजाराचं गाव आहे. रस्त्यावर सतत ट्रक, कृषी सेवा केंद्रं, चहाच्या टपऱ्या. तीस वर्षांत मी इथे चार-पाच वेळा आलो असेन, प्रत्येक वेळी लग्नाला. जेवायचं, झोपायचं, परत. गयाकाकूंचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. पुढे पत्र्याची पडवी, तिथे एक शेळी बांधलेली. काकूंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आणि सून नोकरीला नांदेडात. काकू सत्तरीच्या पुढे, पण सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवतात.

"या जावईबापू. वाळले की हो! तिकडं कोन घालतंय जेवाया?"

"डबा येतो," मी म्हणालो.

पाणी झालं, चहा झाला. शेजारच्या शमाबी आल्या. त्यांचे यजमान बाजारात गाद्या भरतात. काकू आणि शमाबी चाळीस वर्षं उन्हाळ्यात एकाच सतरंजीवर बसून वाकळी शिवतात. मेघाची वाकळ त्या दोघीच शिवणार होत्या.

मी सुटकेस उघडली आणि सातही साड्या मांडल्या, सगळ्यात वर पैठणी. कौतुकाची वाट बघत बसलो.

काकूंनी पैठणीचा पदर दोन बोटांत धरला, चुरगळला, सोडला. मग दुसरी. मग तिसरी. सातही झाल्या.

"हे काय हाय?"

"सुमनच्या साड्या. वाकळीसाठी."

"जावई, पैठनीची वाकळ होत नसते. जर टोचती. रेशमाला घाम धरत न्हाई. लेकराचं अंग सोलून निघंल." त्यांनी साडी शेळीपुढे धरली. शेळीने वास घेतला आणि मान फिरवली. "बघा. इनं सुदिक तोंड लावलं न्हाई, अन् ही चपला खाती."

"भारी आहेत," मी म्हणालो.

"भारी हायेत म्हनून तर सुमीनं नेसल्या न्हाईत. नव्या कापडाला अंग नसतं. वापरून वापरून मऊ झालेलं लागतं. तिच्या रोजच्या कुठं हायेत? मेघा तर म्हनली, आईची जांभळी सुती साडी पाठवते, लई मऊ झालेली हाय."

जांभळी साडी. सुमन ती इतकी नेसायची की कोपऱ्यावरचा दुकानदार मला "जांभळ्या साडीवाल्या वहिनींचे मिस्टर" म्हणून ओळखत होता. बोहारणीने तीच सगळ्यात आधी उचलली होती.

मी बराच वेळ शेळीकडे बघत राहिलो. मग सांगून टाकलं.

"बोहारणीला दिल्या."

"सगळ्या?" काकूंनी विचारलं.

"सगळ्या."

 मग शमाबींनी हळूच विचारलं, "बदल्यात काय भेटलं?"

"पातेलं."

"झाकनासंगट?"

"हो. झाकण मी मागून घेतलं."

शमाबींनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. काकू हसू दाबत होत्या, तेही सुटलं. दोघी इतक्या हसल्या की शेळी दाव्याला हिसके देऊ लागली. "झाकन मागून घेतलं म्हने!" मलाही हसू आलं. मग काकूंचं हसणं कधी थांबलं आणि रडणं कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. शमाबींना कळलं. त्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाईसाब, तुमी जरा बाहेर जाऊन चहा पिऊन या."

मी बाहेर गेलो. तीन चहा प्यायलो.

मेघाला काय सांगायचं, हा प्रश्न होता. वाकळ झाली नाही हे सांगायचं तर का झाली नाही हेही सांगावं लागणार. बाजारात जुन्या कपड्यांचा एक ढीग विकायला होता. त्यातली एखादी जुनी सुती साडी घेऊन तीच आईची म्हणून द्यावी, असंही एकदा मनात आलं. एक उचलूनसुद्धा बघितली. मऊ होती. विकणारा म्हणाला, "घ्या, पायपुसण्याला बराबर हाय." मी ती खाली ठेवली आणि परत आलो.

जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. काकू माझ्याशी बोलल्या नाहीत, पण ताटात भाकरी मोडून घालत राहिल्या. वीज नव्हती. तिकडे तेव्हा दिवसाचे दहा-बारा तास भारनियमन असायचं, त्यामुळे जाणाऱ्यांनी मोबाइल मिळेल तिथे चार्ज करून घ्यावा. मी केला नव्हता. फोन बंद पडला आणि मला बरं वाटलं.

सकाळी काकू म्हणाल्या, "तुमी कुठंतरी फिरून या. आज तुमचं काम न्हाई."

"कुठे जाऊ?"

"नर्सीला जा. नामदेवाचं गाव हाय. शिंप्याचा देव माणूस. त्याला इचारा, वाकळ कशाची करतेत."

म्हणजे मला घालवून दिलं. बाळापूरहून कळमनुरीवरून हिंगोली, सव्वा तास. हिंगोलीच्या स्टँडवर गाडी बदलून नर्सी, अर्धा तास. देऊळ कयाधू नदीच्या काठी आहे. एप्रिलमध्ये नदीपेक्षा काठच जास्त होता. देवळात गार होतं. मी फारसा देवधर्मातला नाही, पण गार फरशीवर बसायला मला कोणताही देव चालतो. तासभर बसलो. नामदेव महाराजांना काही विचारलं नाही. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला जर-रेशमाचं काय सांगायचं, ते त्यांना माझ्याआधीच ठाऊक असणार.

बाहेर लाह्या-बत्तासे, माळा, तांब्याच्या गडव्यांची दुकानं आहेत. त्यातल्या एका लहान दुकानात एक बाई हाताने बाळकृष्णाचे कपडे शिवत बसल्या होत्या. अंगडी, टोपडी, त्यांना कडेने बारीक टिकल्या. सगळ्यात लहान अंगडं दोन बोटांचं असेल. त्याला गळा होता, दोन बाह्या होत्या, आणि मागे बांधायला नाडीही होती. टाका इतका बारीक की मला चष्मा पुसावा लागला. मी आयुष्यभर शून्य पॉइंट दोन मिलिमीटरच्या पेनने रेघा ओढल्या. इतकी सरळ ओळ मला फूटपट्टीशिवाय येत नाही, आणि त्या माशा हाकलत शिवत होत्या.

मला वाटलं, वाकळ नाही तर नाही, बाळाला निदान अंगडं-टोपडं न्यावं.

"मोठ्या मापाचं आहे का?" मी विचारलं.

"मूर्ती केवढी हाय?"

मी दोन्ही हात लांब करून दाखवलं.

"आगं बाई! एवढा मोठा बाळकृष्ण? पितळी का दगडी?"

"अजून जन्मायचा आहे."

त्या सुई थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग उलगडा झाला. "नातवंड व्हय! अन् काका, जन्मायच्या आधी नवं काहून घेऊन राहिले? नवं आधी शिवत न्हाईत. पयले दिवस जुन्यातच ठेवायचं लेकरू. आजीचं जुनं लुगडं फाडून घ्या. घरात असंलच की."

घरात असेलच की. मी तिथून निघायला हवं होतं, पण बाईंचा बराच वेळ घेतला म्हणून दोन बोटांचं ते अंगडं विकत घेतलं. आमच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण त्याहून लहान आहे.

उन्हं कलताना बाळापूरला परतलो. पडवीत सतरंजीवर काकू आणि शमाबी बसल्या होत्या. दोघींच्या मध्ये एक जुनी वाकळ होती, पोट फाडलेली. दोघी ब्लेडने टाके उसवत होत्या.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"माझी. रोजची पांघरायची."

"मग उसवताय का?"

"बसा. अन् हात लावू नका," काकू म्हणाल्या. मग शिवणकामातलं मला कळेल अशा पद्धतीने त्यांनी सांगितलं. वाकळ जुनी झाली की टाकत नाहीत. तिच्यावर नवं कापड घालून पुन्हा शिवतात. जुनी वाकळ नवीच्या पोटात जाते. ही वाकळ तीनदा अशी झालेली होती. वरचं लुगडं काकूंचं. त्याखाली त्यांच्या यजमानांचं धोतर. त्याच्याही खाली आणखी एक थर.

शमाबींनी धोतराची कड उचलली. खाली हिरवट कापड होतं, त्यावर पिवळे ठिपके, बरेचसे गेलेले. एका जागी दुसऱ्याच कापडाचं ठिगळ.

"सुमीचा परकर," काकू म्हणाल्या. "आठ वर्सांची आसंल. बोरीवर चढली अन् अडकवून फाडला. त्या ठिगळापायी माझा मार खाल्ला तिनं. मंग मोठी झाली, परकर आखूड झाला, म्या वाकळीत घातला."

मी उकिडवा बसलो. तीस वर्षं संसार केला त्या बाईचं आठ वर्षांचं कापड मी कधी पाहिलं नव्हतं. ती झाडावर चढायची, हेही मला माहीत नव्हतं. मला तर ती स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढतानाही भीती वाटायची.

"हात लावू का?"

"धुतल्याबिगर न्हाई," काकू म्हणाल्या. पण मग म्हणाल्या, "लावा."

"काकू, पण तुमची वाकळ गेली."

"मला दुसरी हाय. शिवाय उन्हाळा हाय. तुमी जास्त बोलू नका, तुमाला शोभत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे थर सोड्याच्या पाण्यात उकळले, दोनदा. पत्र्यावर वाळत घातले. एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत कडकडीत. मग मांडणी. काकूंच्या लुगड्याचे चांगले दोन तुकडे, एक वर आणि एक खाली. आत धोतर आणि परकर. मी म्हणालो, परकर वर घेऊ, म्हणजे मेघाला दिसेल.

"ते इरलंय. वर घेतलं तर दोन धुन्यात जाईल," काकू म्हणाल्या. "आत ऱ्हाऊ द्या. आतलंच टिकतं."

दोन दिवस शिवण चाललं. पहिल्या दिवशी मीही सुई मागितली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, पण दिली. मी खिशातून सहा इंची पट्टी आणि पेन्सिल काढली (ती असतेच) आणि कापडावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर समांतर रेघा मारायला घेतल्या.

"रस्ता काढून राहिले का?" काकूंनी विचारलं.

"पूल कुठंय मंग?" शमाबी म्हणाल्या.

मी दुर्लक्ष केलं आणि रेघेवरून धावदोरा घालत गेलो. तीन ओळी झाल्यावर कापड मधे फुगून आलं. वाकळ कडेपासून आत शिवत जायची असते, चारी बाजूंनी फिरत, म्हणजे झोळ मधे राहत नाही. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे मी विचारलं नव्हतं. शमाबींनी माझ्या तिन्ही ओळी उसवल्या. "टाका बारीक हाय, पन चुकीच्या गावाला गेला," असं त्यांनी माझं कौतुक केलं.

मग मला एक कड दिली. मी मांडी घालून, वाकळ मांडीवर ओढून, अगदी मन लावून तासभर शिवलं. काकूंनी पुढचा भाग घेण्यासाठी वाकळ ओढली तर माझी लुंगीही बरोबर निघाली. मी वाकळ लुंगीला शिवली होती. चांगली वीतभर. मी लुंगी दोन्ही हातांनी धरून बसलो आणि त्या दोघी आडव्या झाल्या.

"जावई, तुमाला बी घ्यायचं का वाकळीत?" काकू डोळे पुसत म्हणाल्या. "घेतलं असतं, पन लई टोचाल."

लुंगी सोडवेपर्यंत मला जागचं उठता येईना. बसल्या बसल्या काकूंनी मला सुमनच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. मी कधी विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी तीस वर्षं सांगितल्या नव्हत्या. त्या इथे लिहीत नाही.

शेवटच्या संध्याकाळी वाकळ झाली. पण एका कोपऱ्यात चार बोटं फट त्यांनी तशीच सोडली.

"हे राहिलं," मी म्हणालो.

"राहू दिलंय. वाकळीला उपाशी ठेवत न्हाईत. कोपऱ्यात भाकरीचा नाहीतर पोळीचा तुकडा घालायचा अन् मंग शिवायचं. म्हंजे पांघरनाराला कदी उपास पडत न्हाई."

"मग घाला ना. दुपारची भाकर आहे."

"इथली चालत न्हाई. लेकराच्या आजोळचा घास पायजे, म्हंजे तुमच्या घरचा. घरी जा, चूल पेटवा, घास घाला, शिवून टाका. डब्यातली पोळी घालू नका. ती तुमच्या घरची न्हाई."

निघताना त्यांनी सात साड्या परत सुटकेसमध्ये ठेवल्या. म्हणाल्या, "मेघाला बाळंतपनानंतर नेसू द्या. अन् बोहारनीचं तिला सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर वाईट."

"तुम्ही सांगता का?" मी विचारलं.

"पातेलं म्या घेतलं का?"

पुण्याला आलो. सकाळी दहाला स्वयंपाकघरात उभा राहिलो. कणीक कुठल्या डब्यात आहे ते शोधण्यात वीस मिनिटं गेली. सापडली तिला अळ्या झाल्या होत्या. खाली जाऊन नवी आणली. पाणी जास्त झालं म्हणून पीठ, पीठ जास्त झालं म्हणून पाणी. असं करत एका घासासाठी सात पोळ्या झाल्या. नकाशावर दाखवायच्या तर मी त्यांना "अनियमित भूखंड" म्हटलं असतं. त्यातल्या त्यात बऱ्या पोळीचा तुकडा तव्यावर कोरडा केला, कोपऱ्यात घातला आणि फट शिवली. या वेळी टेबलावर ठेवून शिवली, मांडीवर नाही.

तो रविवार होता. दुपारी मेघा आली. वाकळ बघून तिने ती आधी गालाला लावली. "ही जांभळी नाही. कुठली आहे ही?"

मी ठरवून ठेवलेलं सगळं विसरलो. सरळ सांगितलं. बोहारीण, पातेलं, झाकण, सगळं. दहा मिनिटांत दिल्या हेही.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मला एक फोन करायचा ना, बाबा."

"हो," मी म्हणालो. "करायला हवा होता."

ती वाकळ घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर बसलो. काय करावं कळेना म्हणून कागद घेतला आणि वाकळीचा छेद काढला, एकास पाच मापाने. वरचा थर, काकूंचं लुगडं. दुसरा थर, धोतर. तिसरा, सुमनचा परकर, वय वर्षं आठ. परकर कुठून कुठपर्यंत आहे आणि ठिगळ कुठे येतं, ते वरून दिसणाऱ्या नकाशात तुटक रेषेने दाखवलं. कागद दाराखालून आत सरकवला.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. तिचे डोळे सुजले होते. तिने वाकळ पसरली, नकाशा शेजारी ठेवला, आणि बोटाने मोजत मोजत एका जागी आली. "इथे?"

"अर्धा इंच डावीकडे."

तिने हात अर्धा इंच डावीकडे नेला आणि तसाच ठेवला. मग दुसऱ्या हाताने कोपरा चाचपला. "आणि इथे हे काय टोचतंय?"

"पोळी."

"कोणी केली?"

"मी."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "भूक लागलीय. उरलीय का अजून?" सहा उरल्या होत्या. तिने दोन खाल्ल्या, लोणच्याशी. मीठ नव्हतं, असं नंतर कळलं.

आता नात चार महिन्यांची आहे. वाकळ रोज उन्हात घातली जाते. घास कोपऱ्यात अजून टोचतो, तिला त्याची काही तक्रार नाही. मेघा माझ्याशी बोलते. साड्यांबद्दल ती कधी काही म्हणत नाही, आणि म्हणत नाही हे मला प्रत्येक वेळी कळतं. मी आठवड्यातून दोनदा पोळ्या करतो. भूखंड आता जरा नियमित व्हायला लागले आहेत.

तिकडे जायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जा, बायका तेव्हा पडवीत शिवत बसलेल्या असतात. पाणी जास्त घ्या. सुई मागितलीत तर आधी कुठून सुरू करायचं ते विचारा. लुंगी घालू नका. आणि घरातलं माणूस गेल्यावर कपाट आवरायला घेतलंत तर आधी कोणाला तरी फोन करा.

बोहारणी जुन्या साड्या धुऊन विकतात असं ऐकलं. म्हणजे त्या कुठेतरी कोणीतरी नेसत असणार. तेव्हापासून बसस्टॉपवर माझं लक्ष बायकांच्या साड्यांकडे जातं, जे माझ्या वयाला शोभत नाही. एकदा एका बाईंनी मला चांगलं खडसावलं. मी माफी मागितली, कारण सांगितलं नाही. तशी फिकट जांभळी सुती साडी मला आतापर्यंत दोनदा दिसली. दोन्ही वेळा मी पदर नीट दिसेपर्यंत थांबलो. बस सोडली. दोन्ही वेळा ती नव्हती.